तीन नंबरच्या टाकीचा घाम

ओळंब्यानं आयुष्यात दोनच माणसांवर हात उचलला, आणि दोघंही त्याच्या घरचीच होती. पहिला त्याचा बाप. दुसरा त्याचा धाकटा भाऊ, ज्याला त्यानं लहानपणी स्वतःच्या अंगाखाली झाकून वाढवला होता.

ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इंधनाच्या डेपोत टाक्या मोजायचं काम त्याच्याकडे होतं. टाकीला वेढा घालून वर गेलेला गोल जिना चढायचा, माथ्यावरचं छोटं झाकण उघडायचं, आणि टोकाला पितळेचा वजनदार ओळंबा बांधलेली लांब पट्टी आत सोडायची. ओळंबा तळाला टेकला की पट्टी वर ओढायची आणि ती कुठवर भिजली ते बघायचं. त्याचा आकडा डेपोचे साहेब वर कळवायचे. त्यावरून रिफायनरीवाले या भागासाठी किती इंधन बनवायचं, पाइपलाइनीतून किती सोडायचं ते ठरवायचे. माणूस अंगानं सडपातळ, उभा राहिला की सरळ सोट, आणि कोणी कितीही डिवचलं तरी जागचा न हलणारा. डेपोतल्या टवाळांना एवढं पुरे होतं. पुढे त्याची बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचे ओळंबे’ म्हणायला लागली.

माणूस शांत असला की लोक त्याला एक तर संत समजतात नाही तर भित्रा. डेपोनं ओळंब्याला दुसऱ्या खात्यात टाकलं होतं. टँकरवाले त्याच्या डब्यात वाळू टाकायचे, एकदा एकानं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली, तरी हा गाल चोळत जिना चढून गेला. लोकांना काय ठाऊक, की हा माणूस दुसऱ्याला नाही, स्वतःच्या हाताला भ्यायचा.

त्याचं कारण त्याच्या बापात होतं. बाप याच डेपोत टँकर भरायच्या फलाटावर कामाला होता. संध्याकाळी डिझेलचा वास आधी घरात शिरायचा आणि मागून तो. मग कशावरूनही सुरू व्हायचं. आमटीला मीठ कमी, दार उघडायला उशीर, पोरगं हसलं, पोरगं हसलं नाही. कंबरेचा पट्टा निघायचा. आई मध्ये पडली की तिच्या तोंडावर बसायचा, म्हणून थोरल्यानं मध्ये पडायला सुरुवात केली. तो धाकट्याला जमिनीवर पाडून त्याच्यावर पालथा झोपायचा आणि बाप त्याच्या पाठीवर हात दुखेपर्यंत मारायचा. बकलानं सोलून निघालेली पाठ घेऊन तो रात्रभर पोटावर पडून राहायचा. खाली दबलेला धाकटा मात्र धडधाकट राहायचा. त्याला फक्त आवाज ऐकू यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला त्याला घेऊन गच्चीवर जायचा. समोर डेपोच्या टाक्या ओळीनं उभ्या असायच्या. ऊन चढायला लागलं की टाकीचा वरचा, रिकामा पत्रा लगेच तापायचा; खाली जिथवर इंधन असेल तिथवर पत्रा गार राहायचा आणि त्याला घाम फुटायचा. कोरड्या पत्र्याखाली ओल्या पत्र्याची स्पष्ट रेघ दिसायची.

“सांग, तीन नंबरला किती?” थोरला विचारायचा.

“छातीपर्यंत!”

“आणि चारला?”

“गुडघ्यापर्यंत. दादा, चार नंबर भुकेला आहे.”

मग दोघं हसायचे. हसताना थोरल्याची पाठ ताणली जायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. धाकट्याला वाटायचं, दादा फारच हसतोय. डेपोच्या भिंतीला लागून असलेल्या त्या वस्तीत घाम बघायला सगळ्यांनाच यायचं. पण धाकट्याला तो त्याच्या दादानं शिकवला होता, त्यामुळे त्याचा त्यावर देवासारखा विश्वास बसला.

थोरल्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी एका संध्याकाळी बापानं धाकट्याचं डोकं भिंतीवर आपटलं. थोरल्यानं पट्टा हिसकावून घेतला. मग त्यानं बापाला मारलं. बाप खाली पडला तरी मारलं, हात जोडले तरी मारलं, बापाचा एक दात फरशीवर घरंगळत गेला तरी मारलं. आईनं पाय धरले तेव्हा तो थांबला. बापानं त्यानंतर कधी कोणाला हात लावला नाही. पुढची वर्षं त्यानं कोपऱ्यात बसून काढली आणि तो तिथंच मेला. सगळ्यांना वाटलं, बरं झालं. थोरल्यालाही तसंच वाटलं असतं, पण मारताना त्याच्या हाताला ते गोड लागलं होतं. पहिले दोन-चार तडाखे भावासाठी होते. त्यानंतरचे कोणासाठी होते, ते त्याला माहीत होतं. त्या दिवसापासून त्यानं हात खाली घातला तो घातलाच.

धाकटा मोठा होऊन टँकर चालवायला लागला. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, चार माणसांत उठून दिसणारा. डोक्यात राख घालून घ्यायला त्याला काडीचंही निमित्त लागायचं नाही. दादाला थोबाडीत देणाऱ्या त्या ड्रायव्हरचे दोन दात यानंच पाडले होते. दोघं एकाच घरात राहायचे, दादा-वहिनी आतल्या खोलीत, हा बाहेरच्या. लग्न कर म्हटलं की म्हणायचा, “वहिनी, घरात एक शहाणा आहे तेवढा पुरे.”

मग एके दिवशी रिफायनरीला आग लागली आणि या सगळ्या भागाचं इंधन बनायचंच थांबलं.

पाइपलाइन कोरडी पडली. टाक्यांत होतं ते उतरत चाललं. ओळंबा रोज पट्टी सोडायचा आणि रोज पट्टी आदल्या दिवसापेक्षा कमी भिजायची. पंपांवर रांगा लागल्या, मग रांगांत मारामाऱ्या. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात भरलेला कॅन घातला. माणूस तिथंच गेला आणि त्याच्या अंगावर सांडलेलं पेट्रोल लोकांनी फडक्यानं टिपून घेतलं. एका पंपवाल्याला त्याच्याच नळीनं गळफास लावायला निघाले होते. डेपोतून आता फक्त दवाखान्यांच्या जनरेटरला आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांना माल जायचा. टँकरवाले रिकाम्या हातानं बसून होते, आणि रिकामा बसलेला धाकटा म्हणजे घरात पेटता स्टो.

वरून हुकूम आला की साठ्याचा आकडा बाहेर जाता कामा नये. साहेबांनी ओळंब्याला बोलावलं. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, एवढंच.

“कोणी विचारलं तर साठा पुरेसा आहे म्हणायचं. घरीसुद्धा. खरं कळलं तर उद्या माणसं एकमेकांना कापतील.”

“आत्ता काय करतायत, साहेब?”

“म्हणूनच सांगतोय.”

ओळंब्यानं घरी येऊन भावाला सांगितलं, “साठा पुरेसा आहे. थोडी कळ काढ.” आयुष्यात तो भावाशी पहिल्यांदाच खोटं बोलला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं फार पटतं. धाकट्याला ते पटलं आणि त्यानं जाऊन सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं की माझ्या दादानं शब्द दिलाय.

तीन नंबरची टाकी पूर्ण रिकामी झाली. तिच्या तळातून वर्षानुवर्षं थेंब थेंब गळायचं, पण ती कधी रिकामीच व्हायची नाही, त्यामुळे दुरुस्ती राहून जायची. साहेब म्हणाले, आयती संधी आली आहे, पाण्यानं भरून बघू कुठं गळतेय ते. कागदावर अगदी शहाणपणाची गोष्ट. आग विझवायच्या नळानं टाकी जवळजवळ भरली. वस्ती गच्चीवर चढून बघते हे साहेबांना ठाऊक नव्हतं. ओळंब्याला ठाऊक होतं, पण टाकीवर उभं राहून पाण्यात पट्टी सोडताना त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं तो टाकीच्या आत बघत आला होता. बाहेरून तिच्याकडे बघणं त्याच्यासाठी गच्चीवरच्या त्या सकाळींबरोबरच संपलं होतं.

दुसऱ्या सकाळी ऊन चढलं आणि तीन नंबरला गळ्यापर्यंत घाम फुटला.

दुपारी ओळंबा जेवायला घरी आला तेव्हा धाकटा ताटावर बसला होता, पण जेवत नव्हता.

“दादा, तीन नंबरमध्ये काय आहे?”

तेव्हा कुठं ओळंब्याला गच्ची आठवली. त्यानं खरं ते सांगून टाकलं. “पाणी.”

धाकटा हसला. “परवा म्हणालास साठा पुरेसा आहे. आज म्हणतोस पाणी आहे. उद्या काय, दूध?”

“परवा खोटं बोललो. साठा नाही. कुठल्याच टाकीत नाही. तीन नंबरला गळती बघायला पाणी भरलंय.”

“लोक कॅनसाठी मरतायत आणि तुम्ही टाक्या धुताय?” धाकट्यानं ताट भिंतीवर फेकलं. “घाम खोटं बोलत नाही! कोणी शिकवलं मला? तू शिकवलंस!”

“अरे, घाम गारव्याला येतो. आत पाणी आहे का पेट्रोल, हे पत्र्याला काय कळतंय?”

“भावोजी, ऐका हो त्यांचं,” वहिनी मध्ये आली. “खोटं बोलताना त्यांची मान खाली असते. आता बघा, वर आहे.”

धाकट्यानं तिला बाजूला सारलं आणि दादाची गचांडी धरून त्याला भिंतीला लावलं. डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. ओळंब्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले.

“मार ना! बापाला मारलंस तसं मार मला! का साहेबानं हात पण विकत घेतले?”

धाकटा त्याच्या तोंडावर थुंकला आणि निघून गेला. वहिनीनं पदरानं नवऱ्याचा चेहरा पुसला तेव्हा तिला दिसलं, त्याच्या मुठी इतक्या आवळलेल्या होत्या की नखांनी तळहातातून रक्त काढलं होतं.

संध्याकाळी ते आले. धाकट्यानं टँकरमधलं उरलंसुरलं डिझेल एकाच कामाला वापरलं: टँकर उलटा घेऊन तो डेपोच्या फाटकावर घातला. फाटक पडलं आणि त्याखाली वॉचमनचा पाय सापडला. त्याच्या किंकाळीवरून माणसं धावत आत गेली, कोणी वळूनही पाहिलं नाही. साहेबांनी मेन स्विच बंद केला, ठिणगी नको म्हणून. डोकं चालवलं ते तेवढं एकदाच. मग ते हात वर करून पुढे आले, “पाणी आहे हो, पाणी!” असं ओरडत. पहिल्या सळईनं त्यांचा चष्मा फुटला, दुसरीनं जबडा. पाडून लाथा घातल्या. साहेब आपल्याच दातांवर गुदमरायला लागले तेव्हा मोजणीची पट्टी खांद्याला लावून कामावर असलेल्या ओळंब्यानं त्यांना कुशीवर वळवलं आणि त्या बदल्यात त्याच्या बरगडीत एक लाथ बसली, ती बरगडी मोडूनच गेली.

धाकटा तीन नंबरच्या व्हॉल्व्हवर होता. चार जणांनी चाक फिरवलं. नळाच्या तोंडातून धार सुटली, लोक कॅन घेऊन तुटून पडले, एकमेकांना तुडवलं, आणि मग एक-एक जण थांबत गेला. कोणी हुंगलं, कोणी तोंडात घेतलं. धाकट्यानं ओंजळ भरली, जिभेला लावली आणि ओंजळ तशीच धरून उभा राहिला. पाणी बोटांतून गळून गेलं. त्यानं मान वळवून दादाकडे पाहिलं.

तेव्हाच त्यानं परत फिरायला हवं होतं. पण मागे शेकडो माणसं उभी होती, त्याच्या शब्दावर आलेली, रक्तानं माखलेली. त्यांच्यासमोर ओले हात झटकून घरी जायला लागणारी हिंमत धाकट्यात नव्हती. मारामारीची हिंमत होती, ती वेगळी. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “हे दाखवायला ठेवलंय! खरा माल चारमध्ये आहे!” आणि धाकटा, ज्यानं लहानपणापासून चार नंबरची भूक ओळखली होती, ज्याला त्या सकाळी तिच्यावर घामाचा एक थेंब दिसला नव्हता, तोच सगळ्यांच्या पुढे चार नंबरकडे धावला. घामावरचा विश्वास उडाला आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही.

भरलेल्या टाकीची ओळंब्याला इतकी भीती नव्हती. चार नंबर नुकतीच उपसली होती. तळाला थोडं पेट्रोल राहिलेलं आणि वर सगळी वाफ. अशा टाकीला ठिणगी लागली तर ती जळत बसत नाही, बॉम्बसारखी फुटते. हे धाकट्यालाही माहीत होतं. पण तो माहीत असण्याच्या पलीकडे गेला होता. अंधारून आलं होतं, दिवे बंद होते, आणि फाटकाजवळच्या जळत्या टायरावरून कोणीतरी सळईला चिंध्या गुंडाळून पेटवून आणत होतं. हातोहात ती मशाल पुढे येत होती. काही जण जिना चढून माथ्यावर पोचले होते. धाकटा जिन्याच्या पहिल्या वळणावर होता.

“खाली ये! आग आणतायत! खाली ये रे!”

मोडक्या बरगडीचा आवाज तो केवढा. ओळंबा धावत जिना चढला, मागून भावाचा शर्ट धरला. धाकट्यानं वळून न बघता लाथ मारली, ती याच्या तोंडावर बसली. हा पुन्हा चढला. पुन्हा धरलं.

“सोड! साहेबाचा कुत्रा!”

जिन्याच्या कठड्याला कोणाचा तरी लोखंडी पाना अडकवलेला होता, अगदी हाताशी. पण ओळंब्याचा हात खांद्यावरच्या पट्टीकडे गेला. लोखंडानं ठिणगी उडते, पितळेनं उडत नाही. एवढ्या संतापातही हाताला ते कळत होतं. त्यानं पट्टी हातभर सोडली, टोकाचा पितळी ओळंबा गरकन फिरवला आणि भावाच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटल्याचा आवाज आला. धाकटा किंचाळून पायरीवर कोसळला.

आणि ओळंब्यानं पुन्हा मारलं. त्याच पायावर, नडगीवर, पूर्ण ताकदीनं. हाड कातडी फाडून बाहेर आलं.

मग त्यानं त्याला खांद्यावर टाकलं आणि खाली उतरला. धाकटा त्याच्या पाठीवर बुक्के मारत होता, त्याच जुन्या पाठीवर, आणि शिव्या देत होता. टाकीभोवतीच्या मातीच्या बांधापलीकडे ओळंब्यानं त्याला टाकला आणि त्याच्यावर पालथा झोपला, लहानपणी झोपायचा तसाच.

चार नंबर फुटली. छप्पर अख्खंच्या अख्खं वर गेलं आणि माथ्यावरची माणसं त्याच्याबरोबर गेली. जिन्यावरची जळाली, बांधाच्या आतली जळाली. एक माणूस पेटलेला धावत बांधावर चढला, ओळंब्याच्या पायाशी येऊन पडला आणि पडल्यावरही थोडा वेळ पळत असल्यासारखे पाय हलवत राहिला. ओळंब्याच्या पाठीवरचा शर्ट कातडीत वितळला. धाकट्याला फक्त आवाज ऐकू आले.

पुढे काय व्हायचं ते झालं. चौकशी झाली, साहेबांची बदली झाली, वॉचमन घरी बसला. धाकट्याचा पाय राहिला पण गुडघा कायमचा ताठ झाला. टँकरचा क्लच दाबणारा पाय होता तो. वस्तीत जिच्या घरातलं माणूस गेलं ती बाई ओळंब्याच्या दारावर शेण फेकून जायची. दुसरी कोणी म्हणायची, भाऊ असावा तर असा. टवाळांनाही मत होतंच: कंपनीसाठी सख्ख्या भावाचा पाय मोडणारा माणूस. ओळंबा कोणालाच उत्तर देत नव्हता, कारण त्यांतलं कुठलंच त्याला पूर्ण खोटं वाटत नव्हतं.

धाकटा बोलायचा बंद झाला. बाहेरच्या खोलीत छताकडे बघत पडून राहायचा. ओळंबा त्याला उचलून संडासला न्यायचा, अंघोळ घालायचा, जखम धुवायचा. वहिनी ओळंब्याच्या भाजलेल्या पाठीला मलम लावायची आणि रडायची. तिघांच्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज.

“त्यांच्याशी बोला की भावोजी,” एकदा ती म्हणाली. “जीव वाचवला तुमचा.”

धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. ओळंब्याला त्याचं कारण कळत होतं. वहिनीला एक फटका माहीत होता. दोन फटके झाले होते, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

रिफायनरी पुन्हा सुरू झाली. पाइपलाइन वाहायला लागली, रांगा विरल्या, आणि कॅनसाठी एकमेकांची डोकी फोडणारे लोक पुन्हा एकमेकांना रामराम घालायला लागले. तीन नंबरची गळती बुजवून तिच्यात पेट्रोल भरलं. त्या सकाळी ओळंबा कामावर जायला निघाला तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

“गच्चीवर ने.”

इतक्या दिवसांनी ऐकलेला आवाज घोगरा झाला होता. ओळंब्यानं त्याला पाठीवर घेतलं. भाजलेली पाठ अजून ओली होती. वर नेऊन त्यानं त्याला कठड्याला टेकवून बसवलं, ताठ पाय पुढे सोडून. समोर टाक्या उभ्या होत्या. चारच्या जागी काळी गोल जमीन होती. ऊन चढलं आणि तीन नंबरला घाम फुटायला लागला.

“छातीपर्यंत,” ओळंबा म्हणाला.

धाकट्यानं तिकडे पाहिलं नाही. “दादा, पहिला फटका मला थांबवायला मारलास. त्यातच मी पडलो होतो.”

“हो.”

“मग दुसरा कोणाचा?”

ओळंब्याला ‘घाईत लागला’ म्हणता आलं असतं. एकदा खोटं बोलून काय झालं ते समोर काळंकुट्ट दिसत होतं. या एका उत्तरावर भाऊ राहणार होता नाही तर जाणार होता.

“माझा. मी खरं सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस. तोंडावर थुंकलास. त्याचा राग आला होता मला. दुसरा त्या रागाचा.”

धाकट्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. त्यानं चाचपडत दादाचा हात धरला, तोच उजवा.

“मग चालेल,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, बाबांचा. त्यांना मारायला कारण लागायचं नाही.”

ओळंबा त्याच्याजवळ खाली बसला. डेपोचा भोंगा वाजला, कामाची वेळ झाली, तरी तो उठला नाही.